तटस्थ कोण ठरवतं?

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी चार महिने जिनिव्हात राहिलो. पंधरा नंबरची ट्राम पकडून शेवटच्या थांब्यावर उतरलं की समोर संयुक्त राष्ट्रांचं आवार, देशोदेशीच्या झेंड्यांची रांग आणि चौकात एक पाय मोडलेली बारा मीटर उंचीची लाकडी खुर्ची. भूसुरुंगांविरुद्धच्या मोहिमेसाठी ती 1997 मध्ये तिथे उभी केली. रविवारी मी तिकडे फिरायला जायचो.

टीममध्ये निवृत्तीला आलेले एक स्विस सहकारी होते. मी त्यांना सहज म्हटलं, "तुमच्याच शहरात एवढा पसारा, म्हणजे तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे सदस्य असणार." ते हसले. म्हणाले, "आम्ही 2002 मध्ये आत गेलो. 1986 च्या मतदानात मी स्वतः 'नको' म्हटलं होतं. 2002 ला 'हो' म्हटलं." मध्ये काय बदललं, असं विचारल्यावर म्हणाले, "1986 ला वाटत होतं, आत गेलो तर आपण तटस्थ राहणार नाही. 2002 पर्यंत कळलं होतं, बाहेर राहूनही तो प्रश्न सुटत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण आमच्या घरात त्याचं एक देशी रूप होतं. अब्बांची शिकवण एकच: आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात. सोसायटीची मीटिंग असो, शाळेची पालकसभा असो की मोहल्ल्यातला वाद, नमस्कार-सलाम करायचा आणि घरी यायचं. त्यांच्या पिढीने काय काय पाहिलं हे माहीत असल्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. पण आज ऑफिसच्या ग्रुपवर जगातली कुठलीही बातमी आली की तुमच्या-माझ्याकडे बघून कुणीतरी म्हणतं, "तू न्यूट्रल राहा हं." हे न्यूट्रल असणं म्हणजे नेमकं काय? ते ठरवतं कोण?

आपण दोन भाषांत वाढलेली माणसं. मराठीत तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. नदी त्याच्यासमोरून वाहते आणि तो कोरडा. उर्दूत ग़ैरजानिबदार म्हणजे ज्याने कुणाची बाजू घेतलेली नाही असा. दोन्ही शब्द ऐकले की वाटतं, तटस्थता हा माणसाचा किंवा देशाचा स्वभाव असतो. देशांचा इतिहास वेगळं सांगतो. तिथे तटस्थता ही एक भूमिका आहे. ती इतरांच्या मान्यतेने मिळते, आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये घडते, आणि संस्था बदलल्या की तिचा अर्थही बदलतो.

स्वित्झर्लंड: बाहेर, अर्धं आत, पुन्हा बाहेर, आत

स्वित्झर्लंडची कायमची तटस्थता युरोपातल्या बड्या सत्तांनी 20 नोव्हेंबर 1815 रोजी पॅरिसमध्ये लेखी मान्य केली. स्विस लोकांची इच्छा होतीच, पण नेपोलियनच्या युद्धांनंतर मधला हा डोंगराळ देश कुणाच्याच ताब्यात नसलेला बरा, अशी बड्यांचीही सोय होती. पुढे 1907 च्या हेग करारांनी तटस्थ देशाची कर्तव्यं लिहून काढली: लढणाऱ्यांना सैन्य द्यायचं नाही, आपली जमीन वापरू द्यायची नाही, शस्त्रांवर बंधनं घालायची तर दोन्ही बाजूंना सारखी. म्हणजे तटस्थ कसं वागायचं, याचं नियमपुस्तक एकट्या देशाने लिहिलेलं नाही.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि त्याचं मुख्यालय जिनिव्हात आलं. मग पेच पडला. राष्ट्रसंघाचा नियम असा, की आक्रमण करणाऱ्या देशावर सगळ्यांनी मिळून कारवाई करायची. तटस्थाने काय करायचं? फेब्रुवारी 1920 मध्ये तोडगा निघाला: स्वित्झर्लंडने सैनिकी कारवाईत भाग घ्यायचा नाही, आर्थिक निर्बंधांत मात्र घ्यायचा. त्याच वर्षी मे महिन्यात जनतेने सुमारे 56 टक्के मतांनी होकार दिला.

परीक्षा 1935 मध्ये आली. मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर, म्हणजे आपल्याला ओळखीच्या हबशावर, हल्ला केला. राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले. शेजारच्या इटलीला दुखवायचं नाही म्हणून स्वित्झर्लंडने शस्त्रबंदी लावली ती दोघांवर, इटलीवर आणि इथिओपियावरही. कागदावर समान वागणूक. पण एकाकडे विमानं आणि विषारी वायू, दुसऱ्याकडे संरक्षणापुरती शस्त्रंही नाहीत. अशा वेळी समान बंदीचा फायदा कुणाला होतो, हे सांगायला गणित लागत नाही. 1938 मध्ये स्वित्झर्लंडने निर्बंधांच्या जबाबदारीतूनही अंग काढून घेतलं आणि पूर्ण तटस्थतेकडे परतला.

1945 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आला तेव्हा स्वित्झर्लंड सदस्य झाला नाही. मोठी गंमतच: जिनिव्हात त्यांचं युरोपातलं मुख्य कार्यालय, आणि यजमान मात्र सदस्य नाही. 16 मार्च 1986 रोजी लोकांना विचारलं, तेव्हा जवळजवळ 76 टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. ओळख पुसली जाईल, ही भीती खरी होती.

मग शीतयुद्ध संपलं. 1990 मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केलं. संयुक्त राष्ट्रांनी लावलेले आर्थिक निर्बंध स्वित्झर्लंडने सदस्य नसतानाही आपणहून लागू केले. त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. दोन देश भांडत असतात तेव्हा तटस्थ राहणं वेगळं, आणि सगळ्यांनी मान्य केलेला नियम एकाने मोडला व सगळे मिळून त्याला अडवत असतील तेव्हा बाजूला उभं राहणं वेगळं. पहिली तटस्थता आहे, दुसरीला ते नाव देता येत नाही. 3 मार्च 2002 रोजी पुन्हा मतदान झालं: 54.6 टक्के 'हो', आणि कॅन्टनांच्या 23 मतांपैकी जेमतेम 12. सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंड 190 वा सदस्य झाला. पुढे 2023-24 मध्ये सुरक्षा परिषदेतही बसला. तो अजूनही स्वतःला तटस्थ म्हणवतो, फक्त त्या शब्दाचा अर्थ आता 1938 चा राहिलेला नाही.

चिन्ह कुणाचं?

या कहाणीचा आपल्या अगदी जवळचा एक धागा आहे. 1859 मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणावर हजारो जखमींना तडफडताना पाहून जिनिव्हाच्या आंरी द्युनांने पुस्तक लिहिलं. त्यातून 1863 मध्ये आजच्या रेडक्रॉसची समिती उभी राहिली आणि 1864 मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी सैनिक आणि त्याच्यावर उपचार करणारा, दोघंही लढाईत तटस्थ मानले जातील, हा त्याचा गाभा. ओळखीची खूण म्हणून पांढऱ्यावर लाल क्रॉस ठरला. स्विस झेंड्याचे रंग उलटे केले की हेच चिन्ह मिळतं.

उस्मानी साम्राज्याने 1865 मध्येच हा करार स्वीकारला. पण 1876 मध्ये, रशियाशी युद्ध तोंडावर असताना, त्यांनी स्विस सरकारला कळवलं की आम्ही आमच्या दवाखान्यांवर लाल चंद्रकोर लावणार. क्रॉस आमच्या सैनिकांच्या भावनांना रुचत नाही. क्रॉसला धार्मिक अर्थ नाही, तो स्वित्झर्लंडच्या सन्मानासाठी आहे, हा खुलासा 1906 च्या करारात आला. ज्यांनी चिन्ह निवडलं त्यांच्या मनात तसा अर्थ नसेलही, पण ज्याने क्रुसेडच्या कहाण्या ऐकल्या आहेत त्याला तो दिसणारच. अखेर 1929 च्या करारात चंद्रकोरीला अधिकृत मान्यता मिळाली. 2005 मध्ये लाल स्फटिक हे तिसरं, कुठल्याच धर्माचं न वाटणारं चिन्हही आलं.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी घेतो. स्वतःला तटस्थ समजणाऱ्याला आपल्याच तटस्थतेतला रंग दिसत नाही. तो दुसऱ्याने दाखवावा लागतो. आणि उस्मानींनी तो करार फाडून दाखवला नाही. ते आत राहिले, करार पाळत राहिले आणि म्हणाले, चिन्ह बदला. संस्था तटस्थ देशांना घडवतात हे खरं, पण संस्थेत बसून हरकत घेणारे संस्थेलाही घडवतात.

गप्प राहण्याची किंमतही याच शहराने पाहिली आहे. 14 ऑक्टोबर 1942 रोजी जिनिव्हात रेडक्रॉस समितीची बैठक झाली. नाझींच्या अत्याचारांच्या बातम्या पोहोचल्या होत्या, जाहीर निवेदनाचा मसुदा तयार होता. स्विस सरकारचे प्रमुख फिलिप एटर हे समितीचे सदस्य म्हणून बैठकीला हजर होते आणि त्यांचा विरोध होता. निवेदन निघालं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडने ज्यू निर्वासितांना सरहद्दीवरून परत पाठवण्याचे कडक आदेश काढले होते. समितीने पुढे आपलं अपयश कबूल केलं. देशाची तटस्थता आणि संस्थेची तटस्थता एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या आणि दोन्ही मुक्या झाल्या.

एकच दिवस, दोन वाटा

14 डिसेंबर 1955 रोजी संयुक्त राष्ट्रांत एकदम सोळा देश आले. त्यांत ऑस्ट्रिया आणि आयर्लंड होते. स्वित्झर्लंडला आत जायची भीती वाटत होती. या दोघांनी आत जाऊनच आपली तटस्थ ओळख घडवली.

आयर्लंड दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता. इतका, की 2 मे 1945 रोजी पंतप्रधान डी व्हॅलेरा हिटलरच्या मृत्यूबद्दल शोक व्यक्त करायला जर्मन प्रतिनिधीकडे गेले. राजशिष्टाचार पाळला, आणि जगभर नाचक्की झाली. संयुक्त राष्ट्रांत आल्यावर त्याच देशाने निळी टोपी घातली. 1958 मध्ये लेबनॉनमध्ये निरीक्षक गेले, 1960 मध्ये काँगोत सैन्य. त्या वर्षी 8 नोव्हेंबरला काँगोतल्या नीएम्बा इथे नऊ आयरिश सैनिक मारले गेले. अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्याचा ठराव आयर्लंडने मांडला, 1961 मध्ये तो मंजूर झाला आणि पुढे 1968 च्या कराराची ती पायरी ठरली. आज आयरिश माणूस तटस्थता म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर 1945 ची ती भेट नसते, दक्षिण लेबनॉनमध्ये पहारा देणारा सैनिक असतो.

हे नातं कायद्यातही उतरलं. बारापेक्षा जास्त सैनिक अशा मोहिमेवर परदेशी पाठवायचे तर सरकारची मंजुरी, संसदेची मंजुरी आणि संयुक्त राष्ट्रांचा आदेश, अशी तीन कुलपं. तिसऱ्या कुलपाची किल्ली देशाबाहेर आहे. सुरक्षा परिषदेत एका बड्या देशाने नकाराधिकार वापरला की ते उघडत नाही. म्हणून ते काढावं, असा प्रस्ताव आता तिथल्या सरकारने आणला आहे आणि वाद पेटला आहे. संस्थेवर ओळख टांगली की संस्थेचे दोषही आपले होतात.

ऑस्ट्रियाची गोष्ट सोयीतून सुरू झाली. चार विजेत्या देशांच्या फौजा माघारी जाव्यात म्हणून 26 ऑक्टोबर 1955 रोजी तटस्थतेचा कायदा झाला. आज तीच तारीख त्यांचा राष्ट्रीय दिन आहे. 1957 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व्हिएन्नात आली, 1965 मध्ये तेल निर्यातदार देशांची ओपेक जिनिव्हाहून तिथे हलली. चॅन्सेलर ब्रुनो क्रायस्कींच्या काळात, 1979 मध्ये, संयुक्त राष्ट्रांचं प्रचंड संकुल उघडलं. शहरात जगाची कार्यालयं असणं हेच संरक्षण, हा त्यामागचा हिशेब. त्याच वर्षी क्रायस्कींनी यासर अराफात यांना व्हिएन्नात बोलावलं. एका पिढीत, नाइलाजाने स्वीकारलेली अट ही अभिमानाची ओळख बनली.

प्रमाणपत्र म्हणून तटस्थता

पण संस्थेचा शिक्का मिळाला की सगळं बरं होतं, असं नाही. तुर्कमेनिस्तान पाहा. 12 डिसेंबर 1995 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याची कायम तटस्थता मान्य केली. तुर्कमेन भाषेत तटस्थ म्हणजे 'बितराप', आपल्या एकतर्फी-दुतर्फीमधल्या 'तरफ'चाच नातलग. राष्ट्राध्यक्ष नियाझोव यांनी राजधानी अश्गाबातमध्ये तटस्थतेची कमान उभारली आणि तिच्यावर स्वतःचा सोन्याचा पुतळा बसवला, सूर्याबरोबर फिरणारा. डिसेंबर महिन्याला काही वर्षं 'तटस्थता' असंच नाव होतं. देशात मात्र विरोधी पक्ष नाही, मोकळं वृत्तपत्र नाही. संस्थेने बाहेरच्या वागण्याला मान्यता दिली, राज्यकर्त्याने ती आतल्या गप्पपणावर पांघरली. तटस्थ देश आणि गप्प केलेली जनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारताचं काय, असं तुम्ही विचाराल. नेहरूंना 'तटस्थ' हा शब्द मान्य नव्हता. आपण अलिप्त आहोत, प्रत्येक प्रश्नावर आपलं मत स्वतः ठरवतो, असं ते सांगत. तरी 1953 मध्ये कोरियातल्या युद्धकैद्यांसाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला तेव्हा अध्यक्ष भारत होता आणि जनरल थिमय्यांच्या देखरेखीखाली बावीस हजारांहून अधिक कैदी होते. शब्द नाकारला, पण जबाबदारी घेतली.

बटण दाबावंच लागतं

12 डिसेंबर 2023 रोजी आमसभेत गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावावर मतदान झालं. 153 देश बाजूने, 10 विरोधात, 23 अलिप्त. आयर्लंड आणि स्वित्झर्लंड बाजूने, ऑस्ट्रिया विरोधात. तिन्ही देश तटस्थ, तिघांची उत्तरं एकसारखी नाहीत. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला यात एक साधी गोष्ट दिसते: सिस्टीममध्ये लॉगिन केलं की नोंद होते. बाहेर असताना मौन हे मौन असतं. आत आल्यावर मौनही फलकावर दिसतं, 'अलिप्त' या रकान्यात. संस्था तटस्थ देशाला घडवते ती अशी. ती त्याला बाजू घ्यायला लावतेच असं नाही, पण उत्तर द्यायला लावते.

उत्तर नेहमी चांगलं असतं असंही नाही. युक्रेनवर हल्ला झाल्यावर चार दिवसांत, 28 फेब्रुवारी 2022 रोजी, स्वित्झर्लंडने युरोपीय संघाचे रशियाविरुद्धचे निर्बंध स्वीकारले. व्याप्त पॅलेस्टाईनमधल्या नागरिकांच्या संरक्षणासाठी चौथ्या जिनिव्हा कराराच्या देशांची परिषद बोलवा, असं आमसभेने 2024 मध्ये त्याच स्वित्झर्लंडला सांगितलं. मार्च 2025 मध्ये, परिषदेच्या आदल्या दिवशी, एकमत नाही म्हणून ती रद्द झाली. नियमाच्या बाजूने उभं राहणं ही नवी तटस्थता असेल, तर नियम सगळ्यांना सारखा लागला पाहिजे. ही मोजपट्टी स्वित्झर्लंडने स्वतःच जगाच्या हातात दिली आहे. ती त्यालाही लागते.

स्वीडन आणि फिनलंड तर तटावरून उतरलेच. 1995 मध्ये युरोपीय संघात गेल्यापासून त्यांची तटस्थता विरत होती. 2023 मध्ये फिनलंड आणि 2024 मध्ये स्वीडन नाटोत गेला. उलट स्वित्झर्लंडमध्ये काटेकोर तटस्थता राज्यघटनेत लिहावी, अशी मागणी लाखाहून अधिक सह्यांनिशी 2024 मध्ये दाखल झाली आहे. वाद संपलेला नाही आणि संपूही नये.

मला या सगळ्यातून अब्बांना उत्तर द्यायचं आहे, आणि ऑफिसच्या त्या मित्रालाही. कुणाच्या भांडणात न पडणं हा शहाणपणा असू शकतो. पण नियम मोडला जात असताना गप्प राहणं म्हणजे इटली आणि इथिओपियाला एकच शस्त्रबंदी लावणं. आणि जी संस्था आपल्याबद्दल निर्णय घेते तिच्या बाहेर राहिलं की आपली ओळख शाबूत राहत नाही, ती दुसरे लिहितात. आत गेल्याने ओळख बदलते हे खरं आहे. पण त्या बदलात आपल्याही हातात पेन असतं.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या कमिटीची निवडणूक होती. मी अर्ज भरला. अब्बांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मिनिट्स नीट लिही, बेटा. नंतर तेच वाचलं जातं."

तुमच्या सोसायटीत, कॉलेजात, वॉर्डात कुठली खुर्ची रिकामी आहे, तेवढं पाहून ठेवा.